सारंग, अर्थ चौथा

थबकलेलं हरिण. अंगावर ठिपके, एक पाय उचललेला, कान ताठ.

दुपार. जेवणं आटोपलेली. गल्लीतल्या कुठल्याशा खिडकीत तंबोरा लागतो आणि कुणीतरी दुपारचाच राग गायला घेतं.

इराणच्या फौजेतला कर्नल.

डांबरानं भरलेली पिंपं. एक दोरी सुटलेली.

एक मलायी खलाशी स्वतःच हाक मारतो आणि स्वतःच हसतो.

कोलकात्याची खिदिरपूर गोदी. एक म्हातारा गळ्यातली शिट्टी काढतो.

हे सगळं मला एका कार्डावर बसवायचं होतं. कार्ड पाच इंच लांब, तीन इंच रुंद. शाई काळी. मुदत शुक्रवारपर्यंत.

*

“छापील आधार कुठाय?”

उपासनी सरांनी कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. सर म्हणजे आमच्या कोशाचे प्रमुख संपादक. साल चौऱ्याऐंशी, गाव पुणे, जागा कोश कार्यालयाचा लांबोडका हॉल. मी तिथं अडीच वर्षं तात्पुरती सहायक होते. माझ्या कायम नेमणुकीचा कागद सरांच्या टेबलावर, काचेखाली, सहीवाचून पडलेला होता. रोज सकाळी मला तो उलटा वाचायला मिळे.

कार्डावर मी लिहिलं होतं: सारंग. एक, ठिपकेदार हरिण, मोर, चातक. दोन, दुपारी गायचा राग. तीन, मुलाचं नाव. चार, जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. पहिल्या तीन अर्थांचं मूळ संस्कृत. चौथ्याचं फारसी, ‘सरहंग’, म्हणजे फौजेचा नायक. चौथ्या अर्थासमोर सरांनी तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: अप्रचलित.

“अप्रचलित म्हणजे, सर?”

“आता कुणी वापरत नाही असा.”

“आमच्या घरी वापरतात.”

“तुमचं घर म्हणजे ग्रंथ नव्हे, कोयंडे.”

“नशीब त्या घराचं,” पलीकडच्या टेबलावरून सासवडकर पुटपुटले. “ग्रंथाला वाळवी लागते.” सासवडकर आमचे संस्कृतवाले. हरिण, मोर आणि चातक त्यांनीच पुरवले होते.

सर हसले नाहीत. “हे बघा. हरणाचा सारंग आपला. जहाजावरचा परका. फारसीतून आला, गोदीत राहिला, गोऱ्यांच्या बोटी गेल्या तसा गेला.”

“गेला नाही सर. देवगडला आहे. संध्याकाळी जाळ्यांना गाठी मारत बसतो.”

“कोण?”

“माझे वडील.”

सरांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. संभाषण संपलं की ते असंच करत.

*

आमच्याकडे दोन रिवाज होते, ते आधी सांगते.

एक. एका अक्षराच्या कार्डांचा खण पूर्ण झाला की कार्डं तयार करणाऱ्यांनी प्रत्येकाच्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं करायची. तशी आद्याक्षरं नसलेला खण छापखान्यात जात नसे. ‘सा’च्या खणात चारशे बारा कार्डं होती. त्यांवर सासवडकरांची आणि माझी अक्षरं होती; फक्त ‘सारंग’चं कार्ड कोरं.

दोन. खाडाखोड चालत नसे. चुकलेलं अक्षर ब्लेडनं खरवडायचं, भुकटी फुंकायची, पुन्हा लिहायचं. प्रत्येकाच्या टेबलावर अर्धं ब्लेड असे.

आणि एक नियमपुस्तिका होती. ती कुणी वाचत नसे. मी डबा खाताखाता वाचली. कलम सतरा: ‘बोलीतील शब्दास छापील आधार न मिळाल्यास, ज्याचा त्या व्यवसायाशी संबंध कागदोपत्री दिसतो अशा वक्त्याने कार्यालयात समक्ष येऊन तो शब्द वाक्यात वापरावा. दोन साक्षीदारांच्या सहीने ते वाक्य आधार म्हणून धरावे.’

मी पुस्तिका सरांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“हे कलम कधीच वापरलं गेलेलं नाही.”

“तरी अप्रचलित अशी खूण नाहीये त्याच्यावर,” सासवडकर म्हणाले.

मी घरी तार केली: नळी घेऊन या.

*

नळी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक. कुठल्या बोटीवर, किती दिवस, कुठला हुद्दा, वर्तणूक कशी. जुन्या काळी हे कागद पत्र्याच्या नळीत घालून जपत म्हणे. पुढे नळी गेली, पुस्तक आलं, नाव तेच राहिलं. आमच्या घरी ती देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात असे, आणि ती कुणी उघडायची नाही. खलाशाची नळी बायकापोरांनी उघडली की दर्या त्याला परत बोलावतो, असं आये म्हणे. बाबा निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी म्हणे.

म्हणून मी, जी दिवसभर शब्दांची पाळंमुळं खणत होते, तिनं घरातलं तेवढं एक पुस्तक कधी उघडलं नव्हतं. उघडायची गरजही वाटली नव्हती. गावात मी ‘सारंगाचा चेडू’ होते. सारंगाची मुलगी. पुण्यात खोली घेताना, नोकरी मागताना, कुणी जरा तिरकं बोललं की त्याला गप्प करताना, मी हेच सांगितलं होतं: माझे वडील एकतीस वर्षं जहाजावर सारंग होते.

*

बाबा गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं आले. पांढरी विजार, पांढरा सदरा, कडक इस्त्री. रात्रभर बसून आलेल्या माणसाच्या अंगावर ती कशी टिकली कोण जाणे. हॉलच्या दारात चपला काढल्या. माझ्या हातात कुळथाच्या पिठीची पिशवी दिली आणि खणांच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

“ह्यात सगळे शब्द?”

“होय, बाबा.”

“आणि कुलपा कित्याक? शब्द कोण चोरतलो?”

“तुमची मुलगी,” सासवडकर म्हणाले. “सोमवारपासून एकावर डोळा आहे तिचा.”

बाबा हसले. मग हळूच मला म्हणाले, “आवस तुझी नको म्हणा होती. नळी बाहेर काढू नको म्हणाली.”

“एक दिवसाचं काम आहे.”

“तुका खरोखरच व्हयी?”

“हवी.”

आणखी एक क्षण ते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मला ते प्रवासानं दमलेले वाटले.

उपासनी सर सभ्य माणूस. उठून उभे राहिले. “या. बसा, कोयंडे.”

“उभोच रवतंय, साहेब.”

“नाव?”

“धाकू लक्ष्मण कोयंडे.”

“व्यवसाय?”

“दर्यार होतंय. एकतीस वर्सां.”

“हुद्दा?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “ता नळयेत आसा.”

मला वाटलं, शिस्त. कागद असताना तोंडानं कशाला सांगायचं. मी त्यांच्या हातातलं प्लॅस्टिकचं पाकीट घेतलं, त्यातली नळी काढली आणि सरांपुढे ठेवली. ठेवली कसली, आपटली. अडीच वर्षांचं सगळं त्या आपटण्यात होतं.

सरांनी चष्मा लावला. पान उलटलं. आणखी एक. मग बोटानं रकाना धरून खाली खाली गेले. पुन्हा पहिल्या पानावर आले. आणि त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला तेव्हाच मी समजायला हवं होतं.

“कोयंडे, यात तुमचा शब्द नाही.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“खलाशी. खलाशी. मग तांडेल. मग शेवटपर्यंत तांडेल.”

तांडेल म्हणजे सारंगाच्या हाताखालचा माणूस. हे मला कोशात बघावं लागलं नाही.

“आणि इथं,” सरांनी एका पानावर बोट ठेवलं, “एकसष्ट साली. वर्तणुकीच्या रकान्यात. बाकी सगळीकडे ‘फार चांगली’ आहे. इथं शिक्का आहे. कप्तानाचा. अभिप्राय देण्यास नकार.”

खलाशांच्या गावात वाढलेल्या कुणालाही तो शिक्का म्हणजे काय ते ठाऊक असतं. वाईट वर्तणूक लिहिली तर भांडता येतं. काहीच लिहायला नकार दिला तर कुणाशी भांडणार? ती नळी घेऊन माणूस ज्या दारात जाईल, त्या दारात आधी तो शिक्का पोचतो.

हॉलमधली ब्लेडं थांबली होती.

“बाबा, हे काय?”

“लिवलला आसा ता खरा आसा.”

 आधी वाटलं, यांनी फसवलं. मला, आयेला, गावाला. मग आठवायला लागले. जेवताना, होडीत, सणाला, पाहुण्यांत. कधी म्हणाले होते ते, मी सारंग? शेजारी म्हणत. खाडीवरचे म्हणत. मुंबईहून मनीऑर्डरीसारखी न चुकता दिवाळीची कार्डं पाठवणारे खलाशी पत्त्यावर तसं लिहीत. हे कधीच नाही. एकदासुद्धा नाही.

*

“शिक्का कशाबद्दल?” सरांनी विचारलं. त्यांना ते विचारायची गरज नव्हती. एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

“नाय म्हटलंय म्हणान.”

“कुणाला?”

“चीफ मेटाक, कप्तानाखालच्या साहेबाक. मगे कप्तानाक.” बाबांनी हात मागे बांधले. “बंगालचो उपसागर. मे म्हयनो. डेकार डांबराची पिंपा बांधलली. वादळ लागला, फुडची दोरी सुटली आणि पिंपा हयसून थय, थयसून हय. आमचो सारंग कुतुबचाचा, खिदिरपूरचो. तो तापान पडललो. म्हणान हुकूम माका. मेट म्हणालो, चार माणसा फुडे पाठव, पिंपा आवळूक. मी म्हटलंय, नो, सर.”

“कारण?”

“साहेब, भरलला पिंप माणसाक विचारणा नाय, तू बाजूक होतंस काय म्हणान.”

सासवडकर खुर्चीत पुढे सरकले.

“मगे कप्तानान बोलावल्यान. तेकाव ताच सांगलंय. पिंपा गेली दर्यात. माका ह्यो ठप्पो. तेच्या फुडे बढती नाय.”

“म्हणजे तुम्ही सारंग नव्हतात,” सर म्हणाले.

“कागदार कुतुबचाचा. बोट खिदिरपुराक लागली तेवा तो उठान बसलो. सगळ्यांच्या म्होरे गळ्यातली शिट्टी काढल्यान आणि माझ्या गळ्यात घातल्यान. मी नको म्हटलंय. तो म्हणालो, कागद साहेबाचो, शिट्टी माणसांची.”

“त्यानंतर तुम्हाला सारंग कोण म्हणे?”

“ता तेंका विचारा.”

“कोणाला?”

बाबा पहिल्यांदा जरा सैल झाले. “खिदिरपूरची पोरा सारेंग म्हणत. इराणात आबादानच्या धक्क्यार तर गंमतच झाली. आमच्यातल्या कोणी माका हाक मारली, ती थयच्या शिपायान आयकल्यान आणि खाडकन सलाम ठोकल्यान. तेंच्यात म्हणे सरहंग म्हणजे कर्नल. मी म्हटलंय, बाबा रे, माझ्या हातातली बादली तरी बघ.”

हॉलमध्ये कुणीतरी फुस्सकन हसलं.

“आणि युसूफ म्हणान एक मलायी होतो. तो हाक मारी आणि आपणच हसा. तेच्या भाषेत सेरांग म्हणजे चाल करून जा. तो म्हणाचो, दुनियेत ह्यो एकच सेरांग, जो फुडे जाव नको म्हणता.”

“आमच्याकडे त्याचा अर्थ हरिण,” सासवडकर म्हणाले. “ठिपक्यांचं.”

“हरण?” बाबांनी विचार केला. “हरण काय वायट? कळपात धोको पयलो तेकाच कळता. आणि ता थांबता.”

सासवडकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं ते त्या हरणाचे श्लोक शिकवत होते.

*

“ठीक आहे,” उपासनी सर म्हणाले. “रीत पुरी करू. शब्द वाक्यात वापरा.”

“आपल्या तोंडान आपणाक तो शब्द लावक नाय, साहेब.”

“स्वतःबद्दल नको. कसंही.”

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मी टाक उचलला. मग ते म्हणाले, सावकाश, जसं एखाद्या पोराला गाठ शिकवावी:

“सारंगान नाय म्हटल्यार एक माणूस फुडे जावचो नाय.”

मी ते कार्डावर जसंच्या तसं उतरवलं. 

“वाक्य चांगलं आहे,” सर म्हणाले. “पण अट पुरी होत नाही. हुद्दा सिद्ध झाला नाही. कलम तुम्हीच काढलंत, कोयंडे.”

मी पुस्तिका उघडली. “कलमात हुद्दा नाही, सर. ‘व्यवसायाशी संबंध’ आहे. एकतीस वर्षांचा संबंध तुमच्या हातात आहे. शिक्क्यासकट.”

“दोन साक्षीदार?”

“एक मी.”

“दुसरा?”

हॉलमध्ये अकरा माणसं होती. सगळ्यांना एकाएकी आपापली कार्डं फार महत्त्वाची वाटू लागली.

बाबांनी खिशातून शिट्टी काढली. चांदीची साखळी काळवंडलेली. ते ती नुसतीच तळहातावर घेऊन उभे राहिले, जसं आपण निघताना किल्ली चाचपतो.

“वाजवा की,” सासवडकर म्हणाले.

“नको. ही वाजली काय माणसांनी उठूक व्हया. हय कोण उठतलो?”

सासवडकरांचे गुडघे गेलेले होते. चहाला उठायचे तरी टेबलाला धरून. त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

“बसा, सासवडकर,” सर म्हणाले.

“नाही बसत.” आणि त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन सही केली.

*

तरीही सर हरले नाहीत. त्यांनी वाक्य ठेवलं. अर्थ ठेवला. तांबडी खूण तेवढी काढायला तयार होईनात.

“शब्द जातोय कोशात. आणखी काय हवं?”

बाबांनी वाकून पाहिलं. “ह्या तांबडा काय?”

“अप्रचलित. म्हणजे आता तसा माणूस नाही.”

“माका विचारून लिवलास?”

सर माझ्याकडे वळले. मला म्हणाले, “कोपऱ्यात अक्षरं करा. उद्या खण जायचाय. तुमचा कागदही माझ्यापुढे आहे, विसरू नका.”

“विसरले नाही.”

मी ‘सा’चा खण ओढून माझ्या टेबलावर घेतला. अर्धं ब्लेड उचललं. पहिलं कार्ड: साकव. कोपऱ्यात माझी अक्षरं, शे. को. मी ती खरवडली. भुकटी फुंकली. दुसरं कार्ड: साकळणे. खरवडली. तिसरं.

“हे काय चाललंय?”

“अक्षरं काढतेय, सर.”

“खण अडेल!”

“अडू दे.”

“तुम्हाला समजतंय का तुम्ही काय करताय?”

“समजतंय. नाही म्हणतेय.”

दहाव्या कार्डाला सासवडकर आपलं ब्लेड घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. मी माझी अक्षरं काढायची, ते त्यांची.  विसाव्या कार्डाला बाबा सकाळपासून पहिल्यांदा बसले. आम्ही पुढे केलेलं एकेक कार्ड ते उचलत, हलकेच फुंकत, दोन्ही कडा जुळवून थप्पीत लावत. एकदा म्हणाले, “पिशयेत पिठी आसा, सासवडकरांक अर्धी दी.” एवढंच.

दोन वाजता पलीकडच्या गल्लीत तंबोरा लागला. कोणता राग होता ते मी सांगणार नाही. मला तेव्हा ओळखू येत नव्हता, आणि आता ओळखीचा म्हटला तर खोटं होईल.

पाच वाजले तेव्हा तीनशे सात कार्डं झाली होती. टेबलावर राखाडी भुकटीचा थर, माझ्या अंगठ्याला चीर. उपासनी सर उठून आले.  मग त्यांनी माझ्या हातातलं ब्लेड मागितलं, ‘सारंग’चं कार्ड समोर ओढलं आणि तांबडी पेन्सिल खरवडायला लागले. तांबडं लवकर निघत नाही. त्यांनी ते पुरतं निघेपर्यंत खरवडलं. भुकटी बाबांनी फुंकली.

“आता सह्या करा,” सर म्हणाले.

शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही तीनशे सात कार्डांवर पुन्हा अक्षरं केली, आणि ‘सारंग’च्या कार्डावर पहिल्यांदा.

काचेखालच्या कागदावर सरांनी सही केली नाही. मीही मागितली नाही. महिनाअखेरीस मी कुडाळला शाळेत रुजू झाले, आणि तिथूनच निवृत्त झाले.

*

खंड छापून आला तो दीड वर्षानं. सासवडकरांनी टपालानं पाठवला. आत चिठी: ‘पिठी संपली.’

मी तो घेऊन देवगडला गेले तेव्हा बाबा पायरीवर बसले होते, मांडीवर जाळं. मी पान उघडून पुढे धरलं. हरिण, मोर, चातक त्यांनी बोटाखालून जाऊ दिले. राग गेला. मुलाचं नाव गेलं. चौथ्यावर बोट थांबलं. अर्थ, फारसी मूळ, मग त्यांचं वाक्य, त्यापुढे कंसात ‘मौखिक, देवगड’. नाव नव्हतं. कोशात नाव घालायची रीत नव्हती.

“बरोबर आसा?”

“आसा.” मग बोट तिथंच ठेवून, “शिट्टी खय?”

“शिट्टी कार्डावर मावली नाही.”

“मगे बरा झाला,” ते म्हणाले, आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. आये आतून दीड वर्षानंतरही तेच विचारत होती, नळी परत जाग्यार ठेवलास मां? मी ठेवली होती. आता ती माझ्या घरी आहे, शिट्टीशेजारी. हवी तेव्हा उघडते. दर्यानं अजून कुणाला बोलावलेलं नाही.

एकसष्टच्या त्या मे महिन्यात बोटीच्या डेकवर चौदा माणसं कामाला होती. चौदाही घरी आली.